मिठाचा पूल, हिरवं पाणी आणि मूठभर डीएपी

शिरूर-दौंडकडे कुणाचं फार्महाऊस असेल, तर आजचा भाग त्याला नक्की पाठवा.

तर झालं असं. दौंड तालुक्यात माझ्या मामाचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. चारी बाजूंनी ऊस, मध्ये 50 हजार लिटरचा मिठाच्या पाण्याचा स्विमिंग पूल. मे महिना, शनिवारी तीस पाहुणे यायचे आणि बुधवारी पाणी हिरवं! दुकानदार म्हणाला, फॉस्फेट वाढलंय. महागडी बाटली घेतली, मीच म्हणालो, "मामा, ओत सगळी." शनिवारी पाणी हिरवं तर होतंच, वर दुधाळही. बुकिंग रद्द, ॲडव्हान्स परत.

चूक माझी होती. मिठाच्या पूलमध्ये क्लोरीन नसतो, असं मला वाटायचं. असतो की! लिटरला साधारण साडेतीन ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राच्या एक दशांश. हे पाणी सेलमधून जाताना विजेमुळे मिठापासून क्लोरीन बनतो. शेवाळ मारतो तो क्लोरीन. फॉस्फेट हे शेवाळाचं खत. आणि खत बंद केलं म्हणून उभं पीक लगेच मरतं का? बरं, पंप चालू असेल तरच सेल चालतो. मामा बिल वाचवायला पंप चारच तास लावायचा, तोही भर मेमध्ये, जेव्हा ऊन क्लोरीन खाऊन टाकतं.

बाटलीत लॅन्थॅनम या धातूचं संयुग असतं. ते फॉस्फेटला धरून न विरघळणारा गाळ करतं, म्हणून पाणी दुधाळ होतं. औषध वाईट नाही, पण त्याचा नंबर दुसरा. आधी संध्याकाळी लिक्विड क्लोरीन टाकायचा (ॲसिडसोबत कधीच नाही, विषारी वायू होतो), भिंती घासायच्या, पंप सलग चालू ठेवायचा. पाणी नितळ झालं आणि रात्रभरात क्लोरीन फारसा उतरला नाही, की मग फॉस्फेट मोजायचं. आकडा खूपच मोठा असेल तर लेबलवरच्या मापाने औषध, एक-दोन दिवस फिल्टर, प्रेशर चढलं की बॅकवॉश, तळाचा गाळ व्हॅक्यूमने बाहेर. हे पाणी खारट असतं; उसात किंवा विहिरीकडे सोडू नका. पूलवाले 100 पीपीबीच्या वर गेलं की औषध सुचवतात, पण क्लोरीन नीट राखला तर त्याहून बऱ्याच जास्त फॉस्फेटमध्येही पाणी स्वच्छ राहतं.

आता हे फॉस्फेट आलं कुठून? आपल्याकडे मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, पुण्याचं सांडपाणी घेऊन. नदीवरची जलपर्णी त्याच खतावर पोसते. असं पाणी पूलमध्ये भरलं की फॉस्फेट सोबत येणारच. पण मामाच्या पूलला पाणी बोअरचं. मग मी डीएपीचं पोतं वाचलं, 18:46:0. हिशोब केला: 50 ग्रॅम डीएपी, म्हणजे जेमतेम एक मूठ, यात 30 ग्रॅमच्या आसपास फॉस्फेट. तेवढं 50 हजार लिटरमध्ये गेलं तर जवळपास 600 पीपीबी!

आणि उसाला खत टाकून आलेली माणसं पूलच्या कडेलाच हातपाय धुवायची. आता विहिरीजवळ त्यांच्यासाठी वेगळा नळ बसवलाय. पंप आठ तास चालतो, बिल बघून मामा अजून माझ्यावर चिडतो.

तुमच्या पूलचं काय चाललंय? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.