वाहतूकदाराने गाडी अडवून ठेवली, तर काय करावे?



आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली नोकरीनिमित्त पुणे, बंगळूर, हैदराबादेस आहेत. बदली झाली की मोटारसायकल किंवा मोटार ट्रान्सपोर्टने पाठवायची, हे आता नेहमीचेच झाले आहे. फोनवर भाडे ठरते, निम्मे पैसे आगाऊ जातात, गाडी ट्रकवर चढते. आणि मुक्कामी पोहोचल्यावर गोदामवाला म्हणतो, "आणखी आठ हजार टाका, मग गाडी न्या." कारण विचाराल तर कधी कर, कधी गोदामभाडे, कधी वाढलेले अंतर!

अशा वेळी आधी हक्क कोणाचा, किती, ते पाहावे. ठरलेले भाडे बाकी असेल, तर तेवढ्यापुरता माल थांबविण्याचा हक्क वाहतूकदाराला असतो. तिथे भांडून उपयोग नाही. मात्र मागच्या किंवा दुसऱ्याच मालाच्या बाकीसाठी तुमची गाडी अडवणे वेगळे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७१ मध्ये असा सर्वसाधारण हक्क बँका, आडते, धक्केवाले, हायकोर्टाचे वकील आणि विमा दलाल यांना दिला आहे. त्यांत वाहतूकदार नाही. करारात तसे कबूल करून घेतले असेल तर गोष्ट निराळी, म्हणून बिल्टीच्या पाठीमागचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचावा.

आणखी एक गोम आहे. फोनवर बोलणारा पुष्कळदा नुसता दलाल असतो, ट्रक दुसऱ्याचा. दलालाने ट्रकवाल्याचे पैसे थकविले की ट्रकवाला गाडी धरून बसतो, आणि आपण मात्र दलालाशीच हुज्जत घालत राहतो. म्हणून बिल्टी नंबर, ट्रकचा नंबर आणि गाडी ज्या गोदामात उभी आहे त्याचा पत्ता, एवढे पहिल्यांदा लेखी मागावे. काट्यावरची पावती आपण जपतो, तशीच बिल्टी जपावी.

मागणी थोडी असेल आणि गाडीची निकड असेल, तर आमच्या मते पैसे भरून गाडी सोडवावी. पण रोख नको, बँकेतून द्यावेत, आणि "हरकत राखून दिले" असे त्याच दिवशी लेखी कळवावे. म्हणजे पुढे परत मागता येतात. गाडी नीट पाहिल्याशिवाय "सुस्थितीत मिळाली" यावर सही करू नये.

रक्कम मोठी असेल, तर स्पीड पोस्टाने नोटीस द्यावी. गाडीचे नुकसान झाले किंवा ती गहाळ झाली, तर रस्ता वाहतूक कायदा, २००७ च्या कलम १६ प्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस लागते. गाडी मिळाल्यापासून नव्हे, बुकिंगपासून. यातच पुष्कळांची फसगत होते.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, परगावी हेलपाटे नकोत. मुदत दोन वर्षांची. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि निकालापूर्वी अंतरिम आदेशही मागता येतो.

पोलीस बहुधा "हे दिवाणी प्रकरण" म्हणून परत पाठवतात, आणि निव्वळ भाड्याचा वाद असेल तर ते खोटेही नाही. पण गाडी कुठे आहे ते सांगतच नसतील, किंवा ती परस्पर वापरली वा विकली असेल, तर तो फौजदारीपात्र न्यासभंग होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये मालवाहकाने असे केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. तक्रार अर्जात हे कलम लिहावे आणि पोच घ्यावी.

पाठवायच्या आधी गाडीचे चहूबाजूंनी फोटो काढावेत, किलोमीटरचा आकडाही त्यात यावा. मूळ आरसी बुक घरीच ठेवावे, सोबत झेरॉक्स द्यावी. फास्टॅग काढून घ्यावा. आणि भाडे एकूण किती, त्यात कर व घरपोच खर्च धरला आहे की नाही, हे किल्ली हातात देण्यापूर्वी बिल्टीवर लिहून घ्यावे.