वॉर्डाने निवडलेला कॉन्स्टेबल

कॉन्स्टेबल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोलीस दलाच्या उतरंडीतला अगदी तळचा शिपाई उभा राहतो. भरतीच्या मैदानावर धावून, लेखी परीक्षा देऊन तो खात्यात येतो आणि वरिष्ठांच्या हुकमाखाली उभी हयात काढतो. नगरसेवकाला मत द्यायला जावे आणि त्याच मतदानात आपल्या प्रभागाचा हवालदारही निवडून यावा, ही कल्पना आपल्याला गमतीची वाटेल. न्यूयॉर्क शहरात मात्र दीड शतकाहून अधिक काळ नेमके हेच घडत होते. १६८६ साली गव्हर्नर थॉमस डोंगन यांनी शहराला दिलेल्या सनदेनुसार प्रत्येक वॉर्डाने दरवर्षी एक आल्डरमन, एक सहायक आणि एक कॉन्स्टेबल निवडायचा असे. पुढे वॉर्डागणिक दोन कॉन्स्टेबल निवडले जाऊ लागले. आज त्या शहराचे पोलीस दल अमेरिकेतील सर्वांत मोठे आहे आणि त्यातल्या एकाही शिपायाला मतदाराने निवडलेले नाही.

हे पद नाहीसे झाले ते कोणा हुकूमशहाच्या फर्मानाने नव्हे. ज्यांनी ते सांभाळायचे त्या नागरिकांनीच आधी त्यातून अंग काढून घेतले. मागे उरलेली रिकामी जागा फी आणि बक्षिसांच्या व्यवहाराने भरून काढली.

मूळ पद्धत इंग्लंडमधली. तेथे १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने रात्रीचा पहारा ठेवणे आणि आरोळी उठताच चोराच्या मागे धावणे ही रहिवाशांची सामाईक जबाबदारी ठरवली होती. या व्यवस्थेचा स्थानिक म्होरक्या म्हणजे कॉन्स्टेबल. शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ तबेल्याचा अधिकारी असा; पण दरबारातला हा मानाचा शब्द खेड्यापाड्यांतल्या आणि शहरांच्या वॉर्डांतल्या बिनपगारी माणसाला येऊन चिकटला. आपल्या गावगाड्यातल्या पाटलाशी त्याची तुलना करण्याचा मोह होईल, परंतु पाटीलकी हे वंशपरंपरेने चालणारे वतन होते. इंग्रजी कॉन्स्टेबलचे पद एका वर्षाचे, आणि ते आलटूनपालटून प्रत्येक घरंदाज रहिवाशाच्या वाट्याला यावे, अशी अपेक्षा होती. शेक्सपियरचे वडील जॉन हे १५५८ मध्ये स्ट्रॅटफर्डचे कॉन्स्टेबल होते. हातमोजे शिवणाऱ्या एका प्रतिष्ठित कारागिराने वर्षभर गावचा बंदोबस्त पाहायचा आणि मग पुन्हा आपल्या दुकानात बसायचे, असा तो प्रकार.

पण व्यापाऱ्याला आणि कारागिराला वर्षभर धंदा सोडून चोरांमागे फिरणे परवडेना. निवड नाकारली तर दंड भरावा लागे. तो भरायचा, नाहीतर आपल्या जागी पैसे देऊन बदली माणूस उभा करायचा. मुलाच्या या नाटककाराने हे नेमके टिपले आहे. ‘मेझर फॉर मेझर’ या नाटकातला एल्बो हा बावळट कॉन्स्टेबल साडेसात वर्षे त्या जागेवर चिकटून बसलेला आहे, कारण ज्यांची ज्यांची पाळी येते ते थोडे पैसे देऊन ती त्याच्याच गळ्यात टाकतात. न्यायाधीश हे ऐकतो आणि वॉर्डातल्या सहासात लायक माणसांची यादी त्याच्याकडे मागतो. प्रसंग विनोदी आहे, पण पद कसे पोखरले जाते याचा एवढा थोडक्यात आणि नेमका खुलासा इतिहासाच्या पुस्तकांतही सापडणे कठीण.

सरकारनेही या पळवाटेला एकदा कायद्याचे रूप दिले. १६९९ च्या एका कायद्यान्वये गुन्हेगाराला पकडून शिक्षेपर्यंत नेणाऱ्यास पॅरिशच्या सर्व सक्तीच्या पदांपासून कायमची सूट देणारे प्रमाणपत्र मिळू लागले. फाशीच्या माळावरून लोकांनी त्याला ‘टायबर्न तिकीट’ असे नाव दिले. हे तिकीट एकदा दुसऱ्याला विकता येत असे आणि त्याला चांगला भाव येई. एका नागरिकाने चोर पकडावा आणि त्याच्या बक्षिसातून दुसऱ्या नागरिकाने चोर पकडण्याच्या कर्तव्यातून सुटका विकत घ्यावी! १८१८ मध्ये हा प्रकार बंद झाला, पण तोवर लंडनच्या सुखवस्तू वस्तीत कॉन्स्टेबलकी ही बदली माणसाचीच नोकरी होऊन बसली होती.

न्यूयॉर्कने ही संस्था उचलली ती तिच्या दुखण्यासकट. तेथेही निवडून आलेले अनेक जण दंड भरून मोकळे होत किंवा बदली माणूस देत. शहर लहान होते तोवर याने फारसे बिघडले नाही. १७९० मध्ये न्यूयॉर्कची वस्ती होती सुमारे ३३ हजार. दिवसा कॉन्स्टेबल, रात्री पहारेकरी आणि मदतीला महापौराने नेमलेले मार्शल एवढ्यावर भागत असे. पहारेकरी म्हणजे दिवसभर मजुरी करून रात्री चार पैसे मिळवणारी माणसे. त्यांच्या डोक्यावरच्या चामडी टोपीवरून लोक त्यांना ‘लेदरहेड’ म्हणून चिडवीत. १८४० पर्यंत वस्ती ३ लाख १२ हजारांवर गेली. रोज जहाजे भरून स्थलांतरित उतरत होते. ज्या वॉर्डात शेजारी शेजाऱ्याला ओळखत होता तेथे आता भाडोत्री खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या.

या पदाचे अर्थकारण नीट समजून घेतल्याशिवाय त्याच्या ऱ्हासाचे कारण कळत नाही. कॉन्स्टेबलला पगार नव्हता. वॉरंट बजावले की त्याची ठरलेली फी, समन्स पोचवले की फी, कर्जबुडव्याच्या मालावर जप्ती आणली की फी. साहजिकच दिवाणी कामात पैसा अधिक आणि धोका कमी. फौजदारी कामात खरी कमाई होती ती बक्षिसाची. एखाद्या व्यापाऱ्याच्या घरी चोरी झाली की तो वर्तमानपत्रात बक्षीस जाहीर करी. कॉन्स्टेबल आपल्या ओळखीच्या चोरट्यांकडे निरोप धाडी, माल परत येई, बक्षीस मिळे आणि चोर बहुधा मोकळाच राही. मालकही खूश, कारण त्याला चोराशी देणेघेणे नव्हते, मालाशी होते. मात्र ज्याच्याकडे बक्षीस द्यायला पैसे नाहीत अशा गाडीवानाची किंवा धुणे धुणाऱ्या बाईची चोरी झाली तर तिचा तपास कोण करणार? गुन्हा घडू नये म्हणून गस्त घालण्याचे तर कोणालाच पैसे मिळत नव्हते.

या व्यवस्थेतही कर्तबगार माणसे नव्हती असे नाही. १८०२ मध्ये हाय कॉन्स्टेबल म्हणून नेमलेला जेकब हेज दंगलीत एकटा घुसून लोकांच्या टोप्या काठीने खाली पाडी आणि त्या उचलायला वाकलेल्यांना ढकलून देई, अशा कथा त्याच्याबद्दल सांगितल्या जात. शहर त्याला ओळखत होते आणि तो शहरातल्या चोरांना ओळखत होता. पण हेज निवडून आलेला नव्हता. त्याला महापौराने नेमले होते. १८५० मध्ये मृत्यू येईपर्यंत ती पदवी त्याच्याकडेच राहिली.

निवडून आलेल्या कॉन्स्टेबलचे गुणगान करणाऱ्यांनी टोबायस बूडिनो हे नाव विसरू नये. १८३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या तिसऱ्या वॉर्डाचा हा कॉन्स्टेबल पळून आलेल्या गुलामांना पकडून दक्षिणेत पाठवण्याच्या धंद्यात होता. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी १८२७ मध्येच संपली होती, तरीही काळ्या माणसाला रस्त्यातून उचलून, घाईघाईने न्यायाधीशापुढे उभे करून जहाजावर चढवले जाई, आणि त्यात जन्मतः स्वतंत्र असलेलेही सापडत. डेव्हिड रगल्स या काळ्या कार्यकर्त्याने १८३५ मध्ये जागरूकता समिती स्थापन करून या टोळीला जाहीरपणे ‘अपहरणकर्त्यांचा क्लब’ म्हटले. बूडिनोला त्याची झळ का लागली नाही? १८२१ च्या राज्यघटनेने काळ्या पुरुषाला मत देण्यासाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट घातली होती आणि गोऱ्यांना ती नव्हती. मतदाराला उत्तर देणारा कॉन्स्टेबल ज्यांना मत नाही त्यांना काहीच देणे लागत नव्हता. ही खोट माझ्या मते फीपेक्षाही खोल होती आणि तिची त्या काळच्या सुधारकांनी फारशी दखल घेतली नाही.

त्यांना हलवले ते एका गोऱ्या तरुणीच्या मृत्यूने. ब्रॉडवेवरील तंबाखूच्या दुकानात काम करणाऱ्या मेरी रॉजर्स हिचे प्रेत जुलै १८४१ मध्ये हडसन नदीत सापडले. तपास रेंगाळला. नागरिकांनी सभा घेऊन वर्गणीने बक्षीस उभे केले, तरीही गुन्ह्याचा छडा लागला नाही. एडगर ॲलन पो यांनी त्यावर कथा लिहिली आणि वर्तमानपत्रांनी शहराच्या पोलीस व्यवस्थेवर झोड उठवली. अखेर १८४४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने जुना पहारा मोडून पगारी दल उभारण्याचा कायदा केला, आणि १८४५ मध्ये महापौर विल्यम हॅवमायर यांच्या कारकिर्दीत सुमारे ८०० जणांचे दल रस्त्यावर आले. गणवेश नव्हता, छातीवर फक्त तांब्याचा तारा.

यात एक खुबी आहे. निवडणूक गेली, पण वॉर्ड गेला नाही. नवा पोलीस त्याच वॉर्डाचा रहिवासी असायचा, आल्डरमनने त्याचे नाव सुचवायचे, महापौराने नेमायचे आणि मुदत एकच वर्ष. म्हणजे मतदाराच्या हातातली दोरी काढून ती आल्डरमनच्या हाती दिली गेली. निवडणूक जवळ आली की पोलीस आपल्या आल्डरमनसाठी राबू लागला. १८५३ मध्ये ही मुदत रद्द करून नेमणुका मंडळाकडे दिल्या, पण राजकारण सुटले नाही. १८५७ मध्ये राज्याने महापौर फर्नांडो वूड यांच्या हातून दल काढून घेऊन स्वतःचे मेट्रोपॉलिटन दल स्थापले. वूड यांनी आपले दल बरखास्त करण्यास नकार दिला, आणि जूनमध्ये सिटी हॉलच्या पायऱ्यांवर पोलिसांनीच पोलिसांना झोडपून काढले. १८७० मध्ये दल शहराकडे परतले. १८९४ मध्ये लेक्सो समितीपुढे एका कॅप्टनने त्या पदासाठी १५,००० डॉलर मोजल्याची कबुली दिली. जुन्या कॉन्स्टेबलची फी गेली होती, तिच्या जागी हप्ता आला होता. आपल्याकडील वाचकाला याचे वेगळे भाषांतर करून सांगायला नको.

अन्य शहरांतही भांडण असेच वर सरकत गेले. बॉस्टनमध्ये आयरिश कॅथलिक महापौर निवडून येताच मॅसॅच्युसेट्स राज्याने १८८५ मध्ये पोलिसांच्या नेमणुका स्वतःकडे घेतल्या. त्या शहराला परत मिळाल्या १९६२ मध्ये. सेंट लुईसचे दल १८६१ पासून मिझुरी राज्याच्या ताब्यात होते. ते २०१३ मध्ये शहराकडे आले आणि २०२५ च्या कायद्याने पुन्हा राज्याने नेमलेल्या मंडळाकडे गेले. मुंबईकराला हे अपरिचित वाटू नये. १८७३ पासून करदात्यांचे प्रतिनिधी महापालिकेत बसू लागले, पोलीस आयुक्त मात्र तेव्हाही सरकारचा आणि आजही राज्य सरकारचाच. फरक इतकाच की आपल्याकडे ही दोरी नागरिकाच्या हाती कधी नव्हतीच, त्यामुळे ती गेल्याचे दुःखही नाही.

लंडनने सरळ मार्ग घेतला. १८२९ मध्ये रॉबर्ट पील यांनी उभारलेले दल गृहमंत्र्यांच्या अखत्यारीत ठेवले. पॅरिशांनी पोलीसपट्टी भरायची, पण त्यांचा अधिकार शून्य. कितीतरी पॅरिशांनी तेव्हा तक्रारी केल्या. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, २०१२ मध्ये, इंग्लंड आणि वेल्सने निवडणूक मागच्या दाराने परत आणली: लंडनबाहेरील बहुतेक दलांवर देखरेखीसाठी निवडून आलेले पोलीस व गुन्हे आयुक्त. त्या वर्षी मतदान झाले सुमारे १५ टक्के. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने हे पद २०२८ मध्ये मुदत संपताच रद्द करण्याचे जाहीर केले.

निवडून आलेला कॉन्स्टेबल पूर्ण नामशेष झाला आहे असे मात्र नाही. टेक्सासमध्ये तो भक्कम टिकून आहे. ह्यूस्टन ज्यात येते त्या हॅरिस काउंटीत आठ कॉन्स्टेबल चार वर्षांच्या मुदतीसाठी निवडून येतात आणि त्यांच्या हाताखाली गस्त घालणारी मोठी पगारी दले आहेत. पेनसिल्व्हेनियात तो सहा वर्षांसाठी निवडला जातो आणि आजही फीवर जगतो. न्यूयॉर्कमध्ये जुन्या कॉन्स्टेबलचे दिवाणी काम सिटी मार्शलकडे आले आहे. घरभाडे थकलेल्या कुटुंबाच्या दारावर न्यायालयाची नोटीस लावणारा आणि ठरलेल्या दिवशी त्याला बाहेर काढणारा तो हाच. त्याला शहराचा पगार नाही, प्रत्येक बजावणीमागे फी आहे, आणि त्याची नेमणूक महापौर पाच वर्षांसाठी करतात.