अत्रीचे अक्वाविवा आणि कुंकळ्ळी
पूर्वीं नेपल्सच्या राज्यांत मोडणारें अत्री हें एड्रियाटिक समुद्राजवळील डोंगरावरचें लहानसें नगर अक्वाविवा ड्यूकांचें ठाणें होतें. या घराण्यांतील क्लाउदिओ (जन्म १५४३) १५८१ सालीं जेसुइट पंथाचे मुख्य झाले. त्यांचे पुतणे रुदोल्फो (जन्म १५५०) १५८० सालीं अकबराच्या दरबारीं पोंचले व १५८३ च्या जुलैंत साष्टींतील कुंकळ्ळी येथें चार जेसुइट सोबत्यांसह मारले गेले. १८९३ सालीं रोमनें त्यांस धन्य ठरविलें. परंतु देवळें पाडल्यामुळेंच कुंकळ्ळीकर क्षुब्ध झाले होते. मागाहून पोर्तुगीजांनीं त्यांच्या प्रमुखांस असोळणें येथें बोलावून ठार मारिलें. या दुसऱ्या मृतांची नोंद पहिल्यांच्या शेजारीं ठेविल्याखेरीज अत्रीच्या या पुत्राचें चरित्र पुरें होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.