‘पोकारेकारे आना’: शंभर वर्षांचे आवाज

न्यूझीलंडच्या जुन्या गाण्यांचे दर्दी एकत्र बसले आणि ‘पोकारेकारे आना’चा विषय निघाला, की आवाजांच्या आधी पाण्यावरून वाद सुरू होतो. खवळलेलं पाणी प्रेयसी पलीकडे निघताच निवतं, असं हे माओरी प्रेमगीत सांगतं. पण ते पाणी कुठलं? पूर्व किनाऱ्यावरचे नाती पोरोउ गातात तेव्हा ती वायआपू नदी असते, रोटोरुआचे गातात तेव्हा रोटोरुआ तलाव. तलावाचं नाव आलं, की मोकोइया बेटाकडे रात्री पोहत निघालेली हिनेमोआ आणि पलीकडे बासरी वाजवणारा तुतानेकाई आठवणारच. जात्यावरच्या ओवीत बाई आपल्या माहेरचं गाव घालते, त्यातलंच हे. त्यामुळे ‘अस्सल शब्द कोणते’ हा वाद मला निष्फळ वाटतो. कोण गातंय आणि कुठल्या काठावरचं आहे, हे आधी विचारावं.

कर्ता कोण, याचाही निकाल लागलेला नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ऑकलंडजवळच्या छावणीत तयारी करणाऱ्या माओरी सैनिकांच्या तोंडी ते बसलं आणि पसरलं. हॉक्स बेच्या पराइरे तोमोआना यांनी १९२१ मध्ये ते छापलं तेव्हा ते ऑकलंडच्या उत्तरेकडून आल्याचं त्यांनी स्वतःच नमूद केलं. आज या गाण्याची राखण त्यांच्या वंशजांकडे मानली जाते. युद्धावर निघालेल्या पोरांनी हेच गाणं का उचललं, हे त्यातलं आर्जव ऐकलं की समजतं: पत्र धाडलंय, अंगठी धाडलीय, आता तुझ्या माणसांना कळलं तरी कळू दे.

तबकडीवरच्या आवाजांबद्दल बोलायचं तर मी १९२७ पाशी सर्वांत जास्त रेंगाळेन. त्या वर्षी यॉर्कचे ड्यूक आणि डचेस न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होते, आणि त्याच सुमारास पार्लोफोन कंपनीने रोटोरुआत ध्वनिमुद्रण केलं. गाणारी होती विशीतली आना हातो, सोबत तिचा भाऊबंद डीन वारेतिनी. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन मिनिटं, तेव्हा आळवत बसायला वाव नाही. आनाचा आवाज सरळ निघतो, स्वर गाठला की लगेच सोडतो, नाटकी कंप नाही. सुईची खरखर आहे, पण तिच्यातूनही हे गाणं घरच्या माणसांत बसून गायलेलं वाटतं. नंतरच्या कितीतरी गायिकांकडे याहून मोठे आवाज होते. ही जवळीक मला पुन्हा फारशी सापडली नाही.

पन्नाशीच्या दशकाअखेर हॉवर्ड मॉरिसन क्वार्टेटने ते पुरुषांच्या सुरावटीत आणलं आणि श्रोत्यांना सोबत गायला लावलं. त्याआधीच कोरियन युद्धात न्यूझीलंडच्या सैनिकांबरोबर चाल कोरियात पोचली होती. तिथे कोरियन शब्द लावून ती शेकोटीभोवती गायली जाते. १९८६ मध्ये अमेरिका कप शर्यतीच्या प्रचारासाठी याच चालीवर इंग्रजी शब्द बसवले, आणि ते गाणं देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. मला ते रुचत नाही. ज्या पिढ्यांतल्या मुलांनी शाळेत माओरी बोलल्याबद्दल मार खाल्ला, त्यांच्या काळातही या गाण्याचे माओरी शब्द गोऱ्या घरांत पाठ होते. तेच शब्द काढून टाकून उरलेली चाल वापरणं मला खटकतं.

खरे दोन तट पडतात ते किरी ते कानावा आणि हेली वेस्टेन्रा यांच्यावरून. किरी पूर्व किनाऱ्यावरच्या गिझबर्नच्या. ऑपेराचं जग जिंकून झाल्यावर, १९९९ मध्ये त्यांनी माओरी गीतांचा आल्बम काढला. क्राइस्टचर्चच्या हेलीचा ‘प्युअर’ २००३ चा, तेव्हा ती सोळा वर्षांची. हेलीचे चाहते स्वराच्या नितळपणाची बाजू घेतात आणि ते खोटं नाही. लाखो परक्या कानांवर हे गाणं तिच्यामुळे गेलं. पण तिच्या गाण्यात पाणी आधीच निवलेलं असतं. किरीच्या आवाजात वय आहे. पत्र लिहिणाऱ्या माणसाला उत्तर येईलच याची खात्री नाही, हे तिथे ऐकू येतं. दोघींतून निवड करायची तर मी किरीच्या बाजूला.

याच रांगेत मी आणखी एक मुद्रण ठेवते. १७ एप्रिल २०१३ रोजी वेलिंग्टनच्या संसदेने समलिंगी विवाहाचं विधेयक ७७ विरुद्ध ४४ मतांनी मंजूर केलं आणि प्रेक्षक सज्जातून हे गाणं सुरू झालं. खाली सभागृहातले सदस्यही गाऊ लागले. सूर काही ठिकाणी घसरतो, ध्वनी सज्जातल्या गर्दीचा आहे. तरीही ‘सगळ्यांत चांगलं गायलेलं कुठलं’ या वादात मी आना हातोच्या खालोखाल त्याचं नाव घेते, आणि जाणकार ते ऐकून घेत नाहीत.