सिकलसेल आणि पेशीतले मिटलेले जनुक

सिकलसेलचा आजार घेऊन जन्मलेले मूल पहिले पाच-सहा महिने बहुधा धडधाकट दिसते. अंगावर पिते, बाळसे धरते. मग केव्हातरी हातापायांची बोटे सुजतात, मूल फिकट पडते, सारखे रडते. घरच्यांना वाटते, नजर लागली किंवा दात येत असतील. वास्तविक दोष जन्माआधीपासूनचाच असतो. मग इतके दिवस तो दडला कुठे? या प्रश्नाचा माग काढताना शास्त्रज्ञ पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचले आणि नव्या उपचारांची वाटही तिथेच सापडली.

केंद्रक म्हणजे दप्तरखाना

पेशीचे केंद्रक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. एवढ्याशा जागेत डीएनएचा सुमारे दोन मीटर लांबीचा धागा ४६ गुणसूत्रांच्या रूपाने मावतो. रिळाला दोरा गुंडाळावा तसा तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. प्रथिने तयार करण्याची आज्ञा देणारी सुमारे २० हजार जनुके या धाग्यावर आहेत.

तहसील कचेरीतला दप्तरखाना आठवा. रोजच्या कामाचे कागद टेबलावर उघडे असतात. बाकीचे बस्त्यात बांधून मांडणीवर ठेवलेले. केंद्रकातही तसेच आहे. लागणाऱ्या जनुकांचा भाग सैल असतो, न लागणारा घट्ट गुंडाळून बहुधा कडेला, केंद्रकाच्या आवरणालगत ठेवलेला असतो. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत जनुके तीच. कोणती उघडी आणि कोणती बांधलेली, एवढ्यावर त्यांचे काम वेगळे ठरते.

जन्मानंतर होणारा बदल

रक्तातील प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन याचे उत्तम उदाहरण आहे. त्याची एक साखळी तयार करणारी जनुके ११ व्या गुणसूत्रावर ओळीने बसलेली आहेत. त्यांत गर्भावस्थेचे जनुक वेगळे आणि मोठेपणीचे वेगळे. त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर डीएनएचा एक नियंत्रक तुकडा आहे. धाग्याला वेढा पडून हा तुकडा ज्या जनुकाजवळ येतो, ते जनुक जोमाने कामाला लागते. अशी प्रत्यक्ष जवळीक होते, हे २००२ साली प्रयोगांनी दाखवून दिले. गर्भात हा वेढा गर्भावस्थेच्या जनुकाशी जुळतो, जन्मानंतर मोठेपणीच्या जनुकाशी.

परिपक्व तांबड्या पेशीला केंद्रकच नसते. हा सारा निर्णय अस्थिमज्जेत, पेशी आपले केंद्रक टाकून देण्याआधी झालेला असतो.

सिकलसेलमध्ये मोठेपणीच्या जनुकात एका अक्षराची चूक असते. त्यामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य कळा येतात. गर्भावस्थेचे हिमोग्लोबिन मात्र या चिकटण्यात अडथळा आणते. नवजात बाळात तेच अधिक असल्याने बाळ बचावते, असा तर्क अमेरिकेतील डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच मांडला होता.

कुलूप उघडता येते का?

गर्भावस्थेचे जनुक पुढे नाहीसे होत नाही, फक्त मिटवून ठेवलेले असते. बीसीएल ११ ए नावाचे प्रथिन हे काम करते, असे २००८ मध्ये स्पष्ट झाले. त्याचा आधार घेऊन आलेल्या कॅसजेव्ही या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. रुग्णाच्या रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून त्यांतील या प्रथिनाचा जोर कमी करतात आणि त्या पुन्हा शरीरात सोडतात. चुकीचे जनुक तसेच राहते. मिटलेले चांगले जनुक उघडते. मात्र त्यासाठी कर्करोगात देतात तशी तीव्र औषधे आधी घ्यावी लागतात. अमेरिकेत मान्यतेच्या वेळी त्याची किंमत २२ लाख डॉलर होती. आपल्या खेड्यापाड्यातील रुग्णाला हा आकडा ऐकूनच घाम फुटेल.

पण निराश होण्याचे कारण नाही. हायड्रॉक्सीयुरिया या साध्या गोळीनेही अनेकांच्या रक्तात गर्भावस्थेचे हिमोग्लोबिन वाढते आणि कळांचे प्रमाण घटते. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावी, वेळोवेळी रक्त तपासावे. गरोदर स्त्रियांनी आणि मूल हवे असलेल्या जोडप्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आपण काय करावे?

गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया, नंदुरबार या पट्ट्यात हा आजार पुष्कळ आढळतो. तो आदिवासींपुरता मर्यादित नाही. तो संसर्गाने होत नाही आणि त्यात कुणाचा दोष नाही.

पहिली तपासणी बोटभर रक्तावर होते. दोष दिसल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने खात्री करतात. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून आरोग्य केंद्रात चौकशी करावी. लग्न ठरवताना पत्रिकेबरोबर हा अहवालही पाहावा. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांतच करता येते, म्हणून उशीर करू नये.

रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून जपावे, फार दमणूक टाळावी, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि लसी चुकवू नयेत. ताप, धाप, छातीत दुखणे किंवा पोटात डाव्या बाजूस अचानक गाठ वाढणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी अंगारा-धुपाऱ्यात वेळ न दवडता रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.