सहा हजार मुलं, एक शाळा

मुलाला नव्या शाळेत घालताना आपण काय विचारतो? फी किती, निकाल किती टक्के, बस कुठून सुटते. फार तर ‘ॲक्टिव्हिटीज काय काय आहेत?’ मग हातात एक रंगीत माहितीपत्रक येतं. कराटे, रोबोटिक्स, बुद्धिबळ, कथ्थक. यादी लांब असली की आपलं समाधान होतं. पण यातलं काय नेमकं कोणत्या तासाला होतं, किती मुलांना मिळतं आणि त्यासाठी मुलाला काय सोडावं लागतं, हे विचारायचं राहूनच जातं.

हे प्रश्न मनात यावेत म्हणून आज एका दूरच्या शाळेची ओळख करून घेऊ. न्यूयॉर्क शहरातलं ब्रुकलिन टेक्निकल हायस्कूल. तिथली मुलं तिला नुसतं ‘टेक’ म्हणतात.

आधी एक घोळ दूर करू. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटलं की टाय लावलेली मुलं आणि भली मोठी फी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत अर्थ बरोबर उलटा. पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा, करदात्यांच्या पैशांवर चालणारी आणि मुलांना मोफत. टेक अशीच शाळा आहे. आणि तिथे जवळपास सहा हजार मुलं शिकतात. आपल्याकडेही हजारो मुलांच्या शाळा आहेत, पण तिथे बालवाडीपासून सगळे मोजलेले असतात. इथले सहा हजार फक्त नववी ते बारावीचे!

सातव्या मजल्यावरची फाउंड्री

शाळा सुरू झाली १९२२ साली, एका जुन्या गोदामाच्या इमारतीत आणि फक्त मुलग्यांसाठी. मुलींना प्रवेश मिळायला १९७० साल उजाडलं. आजची इमारत १९३३ पासून वापरात आहे. तीन हजारांवर खुर्च्यांचं सभागृह, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळेत वरच्या बाजूने फिरणारा धावण्याचा ट्रॅक, आणि छतावर रेडिओचा उंच मनोरा. शहराच्या शिक्षण मंडळाचं रेडिओ केंद्र १९३८ मध्ये इथूनच सुरू झालं.

पण मला सगळ्यात आवडते ती तिथली जुनी फाउंड्री. कोल्हापूरकरांना फाउंड्री म्हणजे काय हे सांगायला नको. इथे ती चक्क सातव्या मजल्यावर होती! जमिनीवर साच्याची वाळू, बाजूला भट्ट्या. मुलं आधी लाकडाचा नमुना बनवायची, वाळूत त्याचा साचा घ्यायची आणि त्यात वितळलेला धातू ओतायची. हुशार मुलाने हात काळे करायचे नसतात, असं त्या शाळेला कधी वाटलं नाही. याच शाळेतून शिकलेले दोन विद्यार्थी पुढे नोबेल विजेते झाले. डोळ्यांना दिसतं कसं याचा शोध घेणारे जॉर्ज वॉल्ड (१९६७) आणि विश्वाच्या जन्माचा पुरावा ठरलेले लहरींचे संकेत टिपणारे आर्नो पेन्झियास (१९७८). पेन्झियास तर लहानपणी जर्मनीतून निर्वासित म्हणून आले होते. सरकारी शाळा मोफत होती, याचं मोल अशा घरांना जास्त कळतं.

जुन्या कार्यशाळांपैकी बहुतेक आता बदलल्या आहेत. त्यांच्या जागी संगणक, रोबो, नव्या प्रयोगशाळा आल्या. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी तर एक नकली न्यायालयही आहे.

४४ क्रेडिटचा हिशेब

आता अभ्यासाकडे येऊ. आपल्याकडे दहावी झाली की सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा तीन दारांपैकी एक उघडतं आणि उरलेली दोन बंद होतात. न्यूयॉर्कमध्ये असं दार नाही. तिथे चार वर्षांत मिळून किमान ४४ क्रेडिट जमवायची. एक विषय एक सत्र शिकून पास झालं की साधारण एक क्रेडिट. त्यात इंग्रजीची ८, इतिहास-नागरिकशास्त्राची ८, गणिताची ६, विज्ञानाची ६. इथवर ओळखीचं वाटतं. पुढे पाहा: शारीरिक शिक्षणाची ४, कलेची २, परभाषेची २, आरोग्याचं १ आणि स्वतःच्या निवडीची ७.

म्हणजे गणितात शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्या मुलानेही चित्रकला किंवा संगीत असं काही घेतलं नाही, व्यायामाच्या तासाला दांडी मारली, तर त्याला डिप्लोमा मिळत नाही. पीटीचा तास गणिताच्या सरांनी मागून घ्यायचा, ही आपली जुनी पद्धत तिथे चालायची नाही.

टेकमध्ये याच्यावर आणखी एक मजला आहे. वरच्या वर्गांत गेल्यावर मूल एक खास शाखा निवडतं, अगदी कॉलेजात निवडावी तशी. एरोस्पेस, स्थापत्य, सिव्हिल, सॉफ्टवेअर, पर्यावरण, कायदा आणि समाज, माध्यमं असे बरेच पर्याय आहेत. शिवाय ज्यांना झेपेल त्यांच्यासाठी एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय. त्यांची परीक्षा मे महिन्यात होते आणि गुण १ ते ५ असे मिळतात. चांगले गुण असतील तर बरीच कॉलेजं तो विषय पुन्हा शिकायला लावत नाहीत.

ऐकायला छान वाटतं. पण सोळा वर्षांच्या मुलाला एवढं निवडायला लावायचं, तर त्याच्याशी बोलायला कुणीतरी हवं. त्यासाठी शाळेत समुपदेशक असतात. आपल्याकडे समुपदेशकाकडे पाठवलं म्हणजे ‘मुलात काहीतरी बिघडलंय’ असं आईवडिलांना वाटतं. तिथे विषय निवडायला, वेळापत्रक बदलायला, कॉलेजचा अर्ज भरायला प्रत्येक मूल त्यांच्याकडे जातं. अडचण एवढीच, की एकेका समुपदेशकाच्या वाट्याला मुलं खूप येतात. जे मूल स्वतःहून दार वाजवत नाही, ते मागे राहू शकतं.

गर्दीत आपली माणसं

सहा हजारांत नवं आलेलं मूल हरवणार नाही तर काय! इथे क्लब कामाला येतात. टेकमध्ये त्यांची संख्या शंभराच्या वर आहे. रोबो बनवणारे, वादविवाद करणारे, नाटकवाले, वेगवेगळ्या भाषा-संस्कृतींचे. मोठ्या शाळेचा खरा फायदा हाच. तुमच्या मुलाचा छंद कितीही विचित्र असो, सहा हजारांत त्याच्यासारखे आठ-दहा सापडतातच.

आणि नवा क्लब मुलं स्वतः काढू शकतात. याला कायद्याचाही आधार आहे. १९८४ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार, सरकारी अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळेने अभ्यासक्रमाबाहेरच्या एका विद्यार्थी गटाला जागा दिली, तर दुसऱ्या गटाला त्याचे विचार पटत नाहीत म्हणून नाकारता येत नाही.

खेळांची व्यवस्था वेगळी. शहरातल्या सरकारी शाळांची क्रीडा संघटना १९०३ पासून आहे. संघात राहायचं तर ठरावीक विषयांत पास व्हावं लागतं आणि हजेरीही लागते. खेळाडू आहे म्हणून नापास चालेल असं नाही. तुम्हाला ऐकून गंमत वाटेल, याच संघटनेने २००८ मध्ये शाळाशाळांचे क्रिकेटचे सामने सुरू केले. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत हे पहिल्यांदाच घडत होतं. गयाना, त्रिनिदाद, बांगलादेश, पाकिस्तान, भारत इथून आलेल्या घरांतली मुलं बेसबॉलच्या शहरात बॅट घेऊन उतरली.

दार मात्र अरुंद

आता दुसरी बाजू. टेकमध्ये प्रवेश एकाच परीक्षेवर मिळतो. आठवीतली मुलं तीन तास इंग्रजी आणि गणिताचा पेपर देतात. दरवर्षी २५ हजारांहून जास्त मुलं बसतात आणि अशा आठ शाळांत मिळून जागा सुमारे चार हजार. शाळेतले गुण, खेळ, छंद, काहीच मोजलं जात नाही. टेकसह तीन शाळांसाठी ही परीक्षा १९७१ च्या राज्याच्या कायद्यानेच बांधून दिली आहे.

मग ओघाने क्लासेस आले. होय, तिथेही! जेईईच्या तयारीत वाढलेल्या आपल्या घरांना हे चित्र नवीन नाही. टेकमधली निम्म्याहून जास्त मुलं आशियाई वंशाची आहेत. त्यांतली बरीच टॅक्सीचालक, दुकानात राबणारे, हॉटेलात काम करणारे अशा आईवडिलांची. दुसरीकडे, शहराच्या सरकारी शाळांत सुमारे दोन तृतीयांश मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो असली, तरी या आठ शाळांच्या प्रवेशात त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच राहतो. परीक्षा ठेवावी की काढावी, यावर तिथे वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. मला दोन्ही बाजूंचं दुःख खरं वाटतं.

आत गेल्यावरही शर्यत संपत नाही. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांसाठी जो एकच अर्ज भरतात, त्यात अभ्यासाबाहेरच्या दहा गोष्टी लिहायला जागा असते. जागा दहा म्हटल्यावर दहाही भरायच्या, असं कित्येक घरांत ठरून जातं. मग व्हायोलिन आवडतं म्हणून वाजवायचं की अर्जासाठी, हे मुलालाही कळेनासं होतं. आपल्या महाराष्ट्रात चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे, खेळांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, तेव्हा असंच होतं. गुण मिळाले की रंगांची पेटी माळ्यावर.

भारतात २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासाबाहेरचं यांत पक्की भिंत नको, असं म्हटलं आहे. तुम्ही इंदूरला असा, बेंगळुरूला किंवा नागपूरला, पुढच्या पालकसभेत हे शब्द तुमच्या कानावर पडतीलच. तेव्हा थोडं खोलात जाऊन विचारा. चित्रकलेचा तास वेळापत्रकात आहे की सुट्टीनंतर? परीक्षेच्या महिन्यात तो रद्द होतो का? त्याला शिक्षक कायमचा आहे की दर वर्षी नवा? मुलाला एखादी गोष्ट वर्षाच्या मध्ये सोडता येईल का? आणि संघात निवड न झालेल्या मुलांना खेळायला मैदान कधी मिळतं?

बदलीमुळे परदेशी जाणार असाल, तर प्रत्येक इयत्तेच्या मूळ गुणपत्रिका जवळ ठेवा. क्रेडिटचा हिशेब त्यावरूनच मांडतात.

अजून एक प्रश्न आहे, जो माहितीपत्रकात कधीच नसतो. सराव संपल्यावर मूल घरी कसं येणार? शाळेची बस साडेतीनला सुटत असेल आणि नाटकाची तालीम सहाला संपत असेल, तर ती तालीम फक्त गाडीवाल्या घरांसाठी असते. न्यूयॉर्कमध्ये शालेय मुलांना मेट्रो आणि बसचा मोफत पास मिळतो, पण तो पूर्वी शाळेच्या दिवशी रात्री साडेआठपर्यंतच चालायचा. २०२४ पासून तो वर्षभर, कोणत्याही वेळी चालतो. दिवसाला चार फेऱ्या. घर ते शाळा, शाळा ते सराव, आणि परत.