‘रन’ या क्रियापदाचा विस्तार

ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदींची फेरतपासणी चालू असता, ‘रन’ या रोमन लिपीतील अवघ्या तीन अक्षरांच्या शब्दाचा तपशील लावण्यात पीटर गिलिव्हर या कोशकाराचे सुमारे नऊ महिने खर्ची पडले. आणि २०११ च्या सुमारास ते काम हातावेगळे झाले तेव्हा एकट्या क्रियापदाच्या खात्यावर ६४५ अर्थ जमा झाले होते. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंदीचा मान ‘सेट’कडे होता, तो अशा रीतीने ‘रन’कडे आला.

इतके अर्थ एका शब्दात कसे नांदतात, याचा उलगडा त्याच्या मूळ कल्पनेत आहे. माणूस आणि पशू धावतात त्याच शब्दाने इंग्रज फार प्राचीन काळापासून पाण्याचे वाहणेही सांगत आला. म्हणून नदी ‘रन’ होते, सर्दीने नाक ‘रन’ होते, धुण्यात कच्चा रंग ‘रन’ होतो. पाय गळून पडले आणि अखंड गती तेवढी उरली; पुढे गतीही गळून केवळ अखंडता उरली, तेव्हा जागचा न हलणारा रस्ता दोन गावांमध्ये ‘रन’ होऊ लागला आणि भाडेपट्टा आपल्या मुदतीपर्यंत ‘रन’ होऊ लागला. त्यानंतर यंत्रयुग आले. एंजिने व गिरण्या ‘रन’ होऊ लागल्या आणि यंत्र चालवणाऱ्याच्या क्रियेलाही तोच शब्द लाभून, पेढी, खाणावळ, एखाद्या खात्याचा सारा कारभार, हे सर्व त्याचे कर्म होऊन बसले. मला या शब्दाच्या चरित्रातील हा सर्वांत विलक्षण प्रसंग वाटतो, कारण येथे धावणारा स्वतः स्थिर राहून दुसऱ्यास धाववितो.

देशभेदही यात उमटला आहे. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार मात्र उभा राहतो. आपणही उमेदवार उभाच करतो. क्रिकेटमधील ‘रन’ला आपण ‘धाव’ म्हटले, आणि चेंडू सीमापार गेल्यावर फलंदाजाने एक पाऊलही न टाकता त्याच्या नावावर चार धावा मांडल्या, यात आपल्याला काही विसंगत वाटत नाही.

तथापि ‘रन’चा खरा मराठी सोबती ‘धावणे’ नव्हे, ‘चालणे’ होय. इंग्रजांचे दुकान, यंत्र, नाटक धावते, तेथे आपले चालते. कचेरीत खटला चालतो, बाजारात नाणे चालते, घरात कुणाचे तरी चालते आणि कुणाचे चालत नाही. इतकेच नव्हे, तर ‘चालेल’ एवढ्या एका शब्दाने आपण समोरच्यास संमतीही देतो, आणि तेथवर ‘रन’ अद्याप पोहोचलेला नाही.